ब्रॉडबॉकचा गहू आणि दादाचा मळा

विलायतेहून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे चार ठराविक प्रश्न विचारतात. राजवाडा पाहिलात का, टेम्सवरचा तो उघडणारा पूल पाहिलात का, थंडी कशी काय सोसली, आणि जेवणाचे हाल झाले का? गेल्या वर्षी मुलीकडे दोन महिने राहून परतलो, तेव्हा या चारही प्रश्नांची उत्तरे मी तयार ठेवली होती. पण माझ्याजवळ एक पाचवे उत्तर होते आणि त्याचा प्रश्न काही कोणी विचारीना. शेवटी मीच आपण होऊन सांगू लागलो, "तिथे मी एक गव्हाचे शेत पाहिले." ऐकणारा जरा थांबे आणि मग विषय बदली. आमच्या सौभाग्यवतींनी तर पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला, "एवढं तिकीट काढून सातासमुद्रापार गेले आणि गहू बघून आले. बार्शीला काय गहू पिकत नव्हता?"

पिकत होता, आणि आजही पिकतो. बार्शीजवळ आमचे वडिलोपार्जित रान आहे. विहिरीखालचा दोन एकर मळा आणि ओढ्यापलीकडची चार एकर काळी. थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, ते कसतात. मी पुण्यात नोकरी करून, आयुष्यभर आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून निवृत्त झालो. पण वर्षाकाठी माझ्या वाट्याची मालदांडी ज्वारी आणि गहू दादा न चुकता पाठवतो. त्या गव्हापायीच मला विलायतेतला गहू पाहावा लागला.

दादाचा प्रश्न

मुलगी ल्यूटन गावी असते. लंडनच्या उत्तरेला, आगगाडीने पाऊण तासाच्या आत. जुलै महिना होता. एका सकाळी दादाचा फोन आला. आवाज त्रासलेला.

"डीएपी आलं न्हाई अजून. दुकानदार म्हणतो, ही औषधाची बाटली बरोबर घेतलीस तर दोन पोती देतो. न्हाईतर रांगेत उभा ऱ्हा."

"मग घेतलीस की काय बाटली?"

"घेतली. काय करतो? सोसायटीचं कर्ज काढून घेतली. रब्बीला खत पायजे का न्हाई? दरसाल टाकतोय, दरसाल पीक तेवढंच. आता तू तिकडं शिकल्यासवरल्या लोकांत हायेस, तर एवढं इचार कुणाला तरी. हे टाकलेलं खत जातं कुठं?"

मी नेहमीप्रमाणे "बरं, विचारतो" म्हणालो. पण फोन ठेवल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. आणि मग एकदम आठवले की, या प्रश्नाचे उत्तर शोधीत जिथे माणसे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ बसली आहेत ती जागा इथून आगगाडीच्या दुसऱ्या स्टेशनावर आहे. कॉलेजात संख्याशास्त्र शिकताना पानसे आणि सुखात्मे या आपल्या दोघा मराठी पंडितांचा, शेतीच्या प्रयोगांसाठी लिहिलेला, १९५४ सालचा जाडजूड ग्रंथ आम्ही चाळला होता. त्यातली विद्या ज्या ठिकाणी जन्मली त्याचे नाव रॉथॅमस्टेड, आणि ते हार्पेन्डेन गावात. मी पत्र घातले. चार दिवसांत उत्तर आले, "अवश्य या."

एकाच शेतातली अनेक शेते

हार्पेन्डेन हे टुमदार गाव आहे. मध्यभागी हिरवे मैदान, त्याच्या कडेने झाडे, चहाची दुकाने आणि कुत्र्यांना फिरवणारे निवांत लोक. स्टेशनापासून वीस मिनिटे चाललो की संशोधन केंद्र येते. दारात ग्रॅनाइटचा एक मोठा दगड उभा केलेला आहे. १८९३ साली प्रयोगांना ५० वर्षे पुरी झाली, त्याची ती खूण. आपल्याकडे पन्नास वर्षांत संस्थेचे नाव तीनदा बदलते. इथे प्रयोगाची जागासुद्धा बदललेली नाही.

मला हिंडवायला एक मध्यमवयीन शास्त्रज्ञ बाई आल्या होत्या. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बोलणे मोजके. त्यांनी मला नेऊन उभे केले ते एका साध्या शेताच्या बांधावर. ना कुंपण, ना कमान. हेच ब्रॉडबॉक. १८४३ सालच्या शरदात इथे पहिला प्रयोगाचा गहू पेरला आणि १८४४ मध्ये कापला. तेव्हापासून तण मारण्यासाठी पडीक ठेवलेली काही वर्षे सोडली, तर या शेताच्या काही भागांत गव्हावर गहू, गव्हावर गहू, असे अखंड चालले आहे.

शेताचे लांबलचक पट्टे पाडलेले आहेत. बियाणे एक, पेरणी एकाच दिवशी, पाऊसही सगळ्यांवर एकच. फरक फक्त खताचा. पहिल्या दिवसापासून ज्याला जे ठरवून दिले, ते त्याला. वाटणीत बदल करायचा तो क्वचित आणि विचार करूनच. मी जिथे उभा होतो तिथल्या पट्ट्याला १८४३ पासून काहीच दिलेले नाही. गहू विरळ, खुजा, फिकट. ओंब्या लहान मुलाच्या करंगळीएवढ्या. त्यापासून थोड्या अंतरावर दुसरा पट्टा, ज्याला नत्र, स्फुरद, पालाश सगळे मिळते. तिथे गहू असा दाट की वरून टोपी टाकली तर खाली पडू नये. उपाशी पट्ट्यातून एकरी चारेक क्विंटल निघतात. पोसलेल्यातून चांगल्या साली त्याच्या आठ-नऊ पट. एका बाजूला शेणखताचा पट्टा आहे, तोही भरघोस. पण त्याला दरसाल एकरी १४ टन शेणखत पडते. आमच्या सबंध आळीतल्या गुरांचे मिळूनही तेवढे निघायचे नाही.

आणि मग बाईंनी मला एक मधला पट्टा दाखवला. याला नत्र मिळते, पण स्फुरद आणि पालाश नाही. दुरून पाहिले तर बरा वाटावा, जवळ गेल्यावर कळते की दाटी नाही आणि जोमही नाही. बाई म्हणाल्या, "हा आमचा सगळ्यात शिकवणारा पट्टा. याला युरियासारखे खत आम्ही देतो. पण ते घ्यायला त्याच्याजवळ बळ नाही."

पोळ्यांचा तवा

शहरातल्या वाचकांसाठी इथे जरा थांबले पाहिजे. स्फुरद म्हणजे फॉस्फरस. तो पिकाच्या प्रत्येक पेशीत असतो. उन्हातून मिळवलेली शक्ती इकडून तिकडे नेण्याचे काम तो करतो. कोवळ्या रोपाची मुळे पसरायला तो लागतो, आणि दाणा भरताना पिकातला बराचसा स्फुरद दाण्यात जाऊन बसतो. तो कमी पडला की पान मंद, निळसर हिरवे दिसते, फुटवे कमी येतात आणि कणसाला उशीर होतो.

नत्राचे आणि त्याचे नाते समजायला स्वयंपाकघरात चला. घरी वीस पाहुणे आहेत, परातभर कणीक मळलेली आहे आणि तवा एकच. कणीक आणखी परातभर मळली म्हणून पोळ्या जास्त होत नाहीत. कणीक मात्र आंबते. नत्र ही कणीक आणि स्फुरद हा तवा. तवा कमी असेल तर दिलेल्या नत्राचा मोठा भाग पिकाला लागत नाही. तो पावसाबरोबर खाली वाहून जातो किंवा हवेत उडतो. पण याची दुसरीही बाजू आहे. दोन तव्यांवर काम भागत असताना घरात दहा तवे आणून ठेवले, तर पोळ्या दहापट होत नाहीत. ही दुसरी बाजू आपण सहसा विसरतो.

लॉझसाहेबांची हाडे

या सगळ्याची सुरुवात जॉन बेनेट लॉझ नावाच्या एका जमीनदाराने केली. जन्म १८१४. बाप लवकर वारला, वाडा आणि जमीन वाट्याला आली. त्या काळी इंग्लंडात हाडांचा चुरा खत म्हणून टाकीत. काही रानांत तो लागू पडे, काहींत मुळीच नाही. लॉझच्या रानात तो लागू पडेना. हाडात स्फुरद आहे, पण तो विरघळत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने हाडांवर गंधकाचे तीव्र आम्ल ओतले आणि जे तयार झाले त्याला सुपरफॉस्फेट म्हणतात. १८४२ साली त्याने पेटंट घेतले. आपले शेतकरी ज्याला नुसते 'सुपर' म्हणतात, त्याचा वंश इथून सुरू होतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचे लग्न झाले. असे सांगतात की, नव्या नवरीला युरोपची सैर घडवण्याचे कबूल करून या गृहस्थाने तिला टेम्स नदीवर फिरवले, आणि तेही कारखान्याला जागा शोधण्यासाठी! हे ऐकून मला सौभाग्यवतींपुढे ठेवायला एक चांगले उदाहरण मिळाले.

डेप्टफर्ड येथे कारखाना निघाला, पैसा आला, आणि त्या पैशावर लॉझने शेताचे प्रयोग चालवले. १८४३ मध्ये त्याने जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाला नोकरीवर घेतले. गिल्बर्टचा एक डोळा बंदुकीच्या अपघातात गेलेला होता. एक घाईचा धंदेवाला आणि एक चिकट मोजदाद करणारा, अशी ही जोडी ५७ वर्षे टिकली. पुढे हाडे पुरेनात. इंग्लंड जगभरातून हाडे गोळा करते, रणांगणेसुद्धा सोडीत नाही, असा आरोप लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाने केला होता. मग जमिनीतले स्फुरदाचे खडक खणायला सुरुवात झाली. आज जगाचे खत त्या खडकांतूनच येते. त्यांचा सर्वांत मोठा साठा मोरोक्को आणि पश्चिम सहारा या भागात आहे. आपल्याकडे उदयपूरजवळ झामरकोट्रा येथे खाण आहे, पण ती गरजेपुढे तोकडी. म्हणून आपण बाहेरून खडक, आम्ल आणि तयार डीएपी आणतो. नत्राचे खत हवेतून करता येते. स्फुरद कशातूनच करता येत नाही. तो खणूनच काढावा लागतो. बार्शीच्या दुकानापुढच्या रांगेचे एक टोक असे मोरोक्कोच्या खाणीत आहे.

दमलेले रान

दुपारी बाईंनी मला हूसफील्ड नावाच्या शेताकडे नेले. तिथल्या एका तुकड्याचे नाव आहे 'एक्झॉशन लँड'. मराठीत मी त्याला 'दमलेले रान' म्हणतो. दादाच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले.

या रानात १८५६ पासून आधी गहू आणि मग १८७६ ते १९०१ पर्यंत बटाटे घेतले. काही तुकड्यांना शेणखत, काहींना सुपरफॉस्फेट, काहींना काहीच नाही. १९०१ नंतर सगळ्यांचेच खत बंद केले. पिके मात्र घेत राहिले. १९४१ पासून नत्र तेवढे देऊ लागले, स्फुरद नाही. बहुतेकांना वाटेल की दोन-चार वर्षांत सगळे तुकडे सारखेच उपाशी झाले असतील. तसे झाले नाही. ज्या तुकड्यांना विसाव्या शतकाच्या आधी स्फुरद मिळाला होता, ते कित्येक दशके शेजाऱ्यांपेक्षा जास्त बार्ली देत राहिले. आज्याने टाकलेले खत पणतू खात होता!

आपल्या शास्त्राच्या पुस्तकांत बरीच वर्षे असे लिहीत की, टाकलेल्या स्फुरदापैकी पिकाला त्या वर्षी शंभरात जेमतेम दहा ते पंचवीस भाग मिळतात आणि बाकीचा जमिनीत 'बांधला जातो'. वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. स्फुरदाला पाय नाहीत. टाकल्या जागेपासून तो काही मिलिमीटरच सरकतो, मुळालाच त्याच्याकडे जावे लागते. आणि चुनखडीच्या, चिकण काळ्या मातीत तो चटकन मातीला चिकटतो. पण चिकटला म्हणजे मेला नाही. त्यातला बराचसा हळूहळू सुटतो आणि पुढच्या पिकांना मिळतो. एका वर्षाचा नव्हे, तर अनेक वर्षांचा जमाखर्च मांडला, तर जमिनीचा साठा पुरेसा झाल्यावर टाकलेल्या स्फुरदाचा फार मोठा भाग शेवटी पिकातून परत मिळतो. सायर्स, जॉन्स्टन आणि कर्टिन यांनी २००८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात हाच हिशेब मांडला. त्यांतले जॉन्स्टन याच रॉथॅमस्टेडचे.

आपल्या भाषेत सांगायचे, तर नत्र हा पाहुणा आहे. चार दिवस राहतो आणि निघून जातो. स्फुरद हा घरजावई आहे. एकदा आला की हलत नाही. पण घरजावयाला कामाला लावता येते, हे दमलेल्या रानाने सिद्ध केले.

साठा पुरेसा आहे की नाही हे कळायचे कसे? त्याची युक्ती स्वयंपाकघरातलीच आहे. खाण्याच्या सोड्याचे पाणी करून त्यात माती घुसळायची आणि त्या पाण्यात किती स्फुरद उतरला ते मोजायचे. ही रीत ओल्सेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५४ साली दिली आणि आपल्या प्रयोगशाळांतही ती वापरतात. तृणधान्यांना साधारणपणे किलोभर मातीत १० ते २० मिलिग्रॅम या मापाचा साठा पुरतो. त्या रेषेच्या खाली असाल, तर कितीही नत्र ओता, पीक अडते. दमलेल्या रानात १९८६ साली काही तुकड्यांना पुन्हा स्फुरद देऊन हे तपासून पाहिले आहे. रेषेच्या वर गेल्यावर मात्र आणखी स्फुरद टाकून दाणा वाढत नाही. मग दरसाल पिकाने जेवढा नेला तेवढाच परत द्यायचा. आणि साठा फारच झाला असेल तर थांबायचे.

ब्रॉडबॉकवर ते खरोखरच थांबले. दीडशेहून जास्त वर्षे दरसाल सुपरफॉस्फेट मिळालेल्या काही पट्ट्यांत साठा इतका झाला की २००१ पासून त्यांचा स्फुरद बंद केला. ज्या घराण्याने जगाला सुपर दिले, त्यानेच आपल्या शेताला "आता पुरे" म्हणावे, हे मला फार मोठेपणाचे वाटले.

थांबण्याला आणखी एक कारण होते. ब्रॉडबॉकच्या पोटात १८४९ साली घातलेल्या कौलारू नळ्या आहेत, पाण्याचा निचरा होण्यासाठी. त्यातून येणारे पाणी तपासले. साठा किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या आसपास जाईपर्यंत पाण्यात स्फुरद फारसा नाही. त्यापुढे मात्र तो झपाट्याने वाढतो. घरजावईसुद्धा गर्दी फार झाली की घराबाहेर पडतो, आणि ओढ्यातळ्यात जाऊन पाण्यावर हिरवे शेवाळ माजवतो. शिवाय स्फुरद फार झाला की पिकाला जस्त कमी मिळते, ते वेगळेच.

बाटल्यांचे घर आणि आठ कप चहा

निघण्यापूर्वी मी त्यांचे कोठार पाहिले. लांबच लांब मांडण्या आणि त्यांवर सुमारे ३ लाख नमुने. बाटल्यांत माती, बाटल्यांत गहू, बाटल्यांत पेंढा. प्रत्येकीवर साल आणि पट्ट्याचा क्रमांक. दुसऱ्या महायुद्धात बाटल्या मिळेनात, तेव्हा दुधाच्या भुकटीचे आणि कॉफीचे रिकामे डबे वापरले, तेही तसेच आहेत. साठवणाऱ्याला पुढचा माणूस काय शोधील हे ठाऊक नव्हते. त्याने फक्त झाकण घट्ट लावले आणि चिठ्ठी नीट लिहिली.

या आकड्यांच्या डोंगरातून अर्थ काढायला १९१९ साली रोनाल्ड फिशर नावाचा तरुण इथे आला. त्याची चहाची गोष्ट प्रसिद्ध आहे. म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या इथल्याच एक विदुषी म्हणाल्या, "कपात आधी दूध घातले की आधी चहा, हे मला चवीवरून कळते." फिशरने वाद घातला नाही. आठ कप मागवले, चार असे आणि चार तसे, आणि उलटसुलट क्रमाने पुढे केले. फरक खरा आहे की निव्वळ योगायोग, हे ठरवायची रीत अशी. एका पट्ट्यात दोन पोती जास्त निघाली म्हणून खताला श्रेय देण्याआधी हाच प्रश्न विचारावा लागतो. पानसे-सुखात्म्यांनी आपल्या शेतीखात्यांना शिकवले ते हेच.

रॉथॅमस्टेडशी आपला आणखी एक धागा आहे. डॉ. हॅरॉल्ड मॅन हे पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्राचार्य, पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक. त्यांनी १९१७ साली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्याची पाहणी प्रसिद्ध केली. जमिनीचे तुकडे कसे होत गेले ते घरोघर जाऊन मोजले. तेच मॅन निवृत्त होऊन इंग्लंडला परतले आणि १९२८ साली वोबर्न येथे, रॉथॅमस्टेडच्या अखत्यारीतल्या प्रयोगक्षेत्रावर कामाला लागले. पिंपळे सौदागरात आज शेतांच्या जागी उंच इमारती आहेत. ब्रॉडबॉकच्या अंगणात अजून गहू आहे.

परतताना बाईंनी शेताच्या टोकाची दाट झाडी दाखवली. १८८२ साली गव्हाचा एक कोपरा न कापता तसाच सोडून दिला, आता माणूस नसला तर गव्हाचे काय होते ते पाहायला. चार वर्षांत गव्हाची चार-दोन खुरटी रोपे उरली. आज तिथे उंच झाडे आहेत. गहू माणसावाचून जगत नाही; तेव्हा त्याला काय, किती घालायचे, याचा विचारही माणसालाच करावा लागतो.

बार्शीचे ब्रॉडबॉक

सप्टेंबरात मी परतलो आणि थेट गावी गेलो. दादाबरोबर मळ्यातली आणि काळीतली माती वेगवेगळी काढली, पिशव्या भरल्या, तपासायला दिल्या. कागद आले. मळ्याच्या कागदावर स्फुरद 'अत्यंत जास्त'. काळीच्या कागदावर 'कमी'.

कारण उघड होते. मळ्यात पाणी आहे, म्हणून गव्हाला, कांद्याला, दरसाल दरपिकाला एकरी दोन पोती डीएपी. काळीत कोरडवाहू ज्वारी, "तिला कशाला खत?" म्हणून काहीच नाही. मी ओसरीवर पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात स्फुरद सुमारे १० किलो. दोन पोत्यांत २०. आणि एकरी १५ क्विंटल गहू झाला, तर दाण्यातून बाहेर जातो पाचेक किलो. बाकी दरसाल मागे.

दादा बराच वेळ पाटीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे इतकी वर्षं सोसायटीचं कर्ज काढून मी जमिनीत पैसं पुरलं म्हणायचं?"

सत्तरीच्या माणसाच्या तोंडून हे ऐकणे सोपे नव्हते. शहरातून पाहुण्यासारखे यायचे आणि थोरल्या भावाच्या कष्टांचा हिशेब चुकला म्हणून सांगायचे, हा काही मानाचा धंदा नाही. मी म्हटले, "पुरलंस खरं, दादा. पण हरवलं नाही. तू विचारलं होतंस ना, टाकलेलं खत जातं कुठं? कुठंही गेलेलं नाही. तुझ्या मळ्यातच आहे. आता ते काढून खायचं."

त्याने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. पण ज्वारीच्या पेरणीला दोन चाड्यांची पाभर बाहेर निघाली. एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत, म्हणजे मुळाच्या हाताशी. काळीचा अर्धा भाग खतासह पेरला, अर्धा तसाच. बाटलीबरोबर घेतलेली ती पोती तिथे कामी आली. मळ्यात गव्हाचे तीन पट्टे पाडले. एकाला दोन पोती, एकाला एक, एकाला डीएपी मुळीच नाही. डीएपीत नत्रही असते, म्हणून कमी पडणारे नत्र युरियाने भरून सगळ्यांना सारखे केले. बांधावर वेळूच्या काठ्या रोवल्या. गावातले लोक विचारीत, "दादा, वाटण्या चालल्यात का काय?"

काळीतली खताची ज्वारी थंडीतच गडद दिसू लागली आणि शेवटी एकरी दीड पोते जास्त निघाली. मळ्यात मात्र तिन्ही पट्टे डोळ्यांना सारखे. मळणी झाली, माप झाले. फरक निघाला चार पायल्यांचा, आणि तो बिनखताच्या पट्ट्याच्या बाजूने! दादा हरखला. मी त्याला बजावले की हा योगायोगही असू शकेल. एका वर्षाचे काही खरे नसते, आणि साठा पुढेमागे उतरलाच तर पिकाने नेले तेवढे परत द्यावे लागेल, म्हणून दोन-तीन वर्षांनी माती पुन्हा तपासायची.

"त्या लॉझसायबानं किती वर्षं बघितलं?"

"सत्तावन्न."

"मला तेवढी मिळायची न्हाईत," दादा म्हणाला. "पर पोरगं हाय."

यंदाही वेळूच्या काठ्या जागच्या जागी आहेत. गेल्या महिन्यात माझ्या वाट्याचा गहू आला, त्याबरोबर तीन लहान पुरचुंड्या होत्या. प्रत्येक पट्ट्यातला मूठ मूठ गहू, आणि पोराच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या: साल, पट्टा, पोती. मी ते तीन बरण्यांत भरून, झाकणे घट्ट लावून, कोनाड्यात मांडून ठेवले. सौभाग्यवती लोणच्याच्या बरण्या शोधीत होत्या. त्या त्यांना कोनाड्यात सापडल्या. त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या, माझ्याकडे पाहिले, आणि बरण्या होत्या तशाच ठेवून बाजारातून तीन नव्या आणल्या.